निम्म्याच्या वर

वस्तीत त्याला सगळे भोंगा म्हणत आणि त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. गाडीच्या टपावर बांधलेले दोन कर्णे, हातात माईक आणि दाढेखाली लवंग, एवढ्यावर त्यानं उभा जन्म काढला होता. हरवलेलं पोर असो, नवं दुकान असो, उद्या नळाला पाणी येणार नसो, वस्तीला ते आधी भोंग्याच्या तोंडून कळायचं आणि मगच खरं वाटायचं. समोर आला की मात्र सगळे त्याला भाऊ म्हणायचे. पाठीमागे भोंगा आणि तोंडावर भाऊ, यात माणसाचा जेवढा मान असतो तेवढा त्याला होता.

नगरपरिषदेच्या निवडणुकीला वस्तीतून तिघं उभे होते आणि तिघांचाही प्रचार भोंगाच करत होता. सकाळी कारखानदार, दुपारी डॉक्टर, संध्याकाळी प्राध्यापक. गाडीवरचं कापड बदलायचं, नाव बदलायचं, बाकी ‘लाडके’ आणि ‘कर्तबगार’ तेच. पण या खेपेला त्याची जीभ विटली होती. कारखानदाराच्या ओतशाळेत वितळलेलं लोखंड सांडून माणसं भाजली, तेव्हा चौकशीवाले यायच्या आत यानं फरशी धुऊन घेतली होती. डॉक्टर आपल्या खासगी इस्पितळात प्रेत अडवून ठेवायचा आणि रडणाऱ्या नातेवाइकांना आधी खालच्या पैसे भरायच्या खिडकीशी जायला सांगायचा. प्राध्यापकाची जीभ अशी गोड की ऐकताना मुंग्या लागाव्यात, पण दर निवडणुकीत तो नव्या पक्षातून उभा असायचा आणि दर वेळी मागच्या पक्षाला शिव्या घालायचा. हे सगळं वस्तीला माहीत होतं. भोंग्याला तर जरा जास्तच माहीत होतं, कारण त्यांच्या घरी चहा प्यायला त्यालाच बोलावत.

प्रचार संपायच्या संध्याकाळी कारखान्यासमोरच्या चौकात त्यानं गाडी थांबवली, टपावरचं कापड ओढून खाली टाकलं आणि माईक तोंडाशी धरला.

“लोकहो, मी भाड्यानं बोलतो हे तुम्हाला ठाऊक आहे. आज फुकट बोलतो. या तिघांतला एकही दारात उभा करायच्या लायकीचा नाही. परिषदेचा नवा कायदा असं सांगतो की निम्म्याहून कमी लोकांनी मत दिलं तर निवडणूक बाद. मग परवा घरी बसा. दार लावून बसा. आम्हाला तुमच्यातला कोणीच नको, हे एकदा कळू दे यांना.”

मग वरच्या मजल्यांवरच्या खिडक्यांतून टाळ्या सुरू झाल्या आणि त्या बराच वेळ थांबेनात. भोंग्याच्या आवाजावर आजवर पुष्कळ टाळ्या पडल्या होत्या, पण त्या कोणाच्या ना कोणाच्या तरी नावाच्या होत्या. या त्याच्या स्वतःच्या होत्या. त्या त्याच्या डोक्यात गेल्या नसत्या तरच नवल.

बायकोनं ते भाषण अंथरुणावर पडल्या पडल्या खिडकीतून ऐकलं होतं. तिची मूत्रपिंडं कामातून गेली होती. वस्तीच्या टोकाच्या सरकारी दवाखान्यात दिवसाआड तिला यंत्राला लावत, रक्त स्वच्छ करून परत अंगात सोडत, आणि त्या जोरावर ती पुढचा दिवस काढत असे. तरीही तिची जीभ शाबूत होती.

“छान बोललात,” ती म्हणाली. “पण घरी बसून पुढे काय, ते नाही सांगितलंत.”

“त्यांना धडा मिळेल.”

“आणि आपल्याला काय मिळेल?”

“तुला ना, प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायचं असतं,” तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

मतदानाच्या सकाळी तिची यंत्राची पाळी होती. भोंगा तिला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेला. सिस्टरनं तिचं वजन केलं, पाय दाबून सूज पाहिली, दंडात सुया टोचल्या, नळ्या जोडल्या. यंत्र घुमायला लागलं. भोंगा समोरच्या बाकावर पाय पसरून बसला तशी सिस्टर त्याच्यापाशी येऊन उभी राहिली.

“भाऊ, तुमचं भाषण ऐकलं मी. एक विचारू? तुम्हाला हे यंत्रांचं माहीत होतं ना?”

“कसलं?”

“या दवाखान्याची मुदत महिनाअखेरीस संपते. पुढची मुदत वस्तीच्या सदस्यानं परिषदेत मागायची असते. सदस्यच नसला तर मागणारं कोणी नाही, आणि मग यंत्रं जिल्ह्याच्या इस्पितळात हलवायची असा आदेश येऊन पडलाय. मला वाटलं, तुम्ही काहीतरी ठरवूनच बोललात.”

भोंग्यानं पाय आखडून घेतले. “डॉक्टर निवडून आला तर तो थोडाच मागणार आहे? त्याचं स्वतःचं इस्पितळ आहे.”

“तोसुद्धा मागेल. नाही मागितलं तर लोक फाडून खातील त्याला. कारखानदार मागेल, प्राध्यापक तर भाषण करून मागेल. कसाही असो, कोणीतरी लागतो ना भाऊ.”

“आणि जिल्ह्याच्या इस्पितळात?”

सिस्टरनं पडलेल्या बायकोकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तिथे आधीच रांग आहे. टेकडीपलीकडचं केंद्र मागे असंच हललं. तिथले पेशंट पहिल्यांदा मला फोन करायचे, ताई, नंबर लागत नाही, काही करा म्हणून. आता फोन येत नाहीत.”

फोन का येत नाहीत, हे विचारायची त्याला गरज पडली नाही. यंत्राला लावलेली त्याची बायको डोळे मिटून पडली होती, नळीतून तिचं रक्त बाहेर जात होतं आणि परत येत होतं, आणि त्यानं परवा चौकात उभं राहून स्वतःच्या तोंडानं ते बंद करायची सोय केली होती. टाळ्या घेऊन केली होती.

तो धावतच शाळेपाशी आला. मतदानाचं केंद्र तिथेच होतं, अख्ख्या वस्तीचं एकच. मैदान रिकामं पडलं होतं. पोलीस खुर्ची भिंतीला रेलून बसला होता आणि टोपीनं वारा घेत होता. आत जाणारी चार माणसं दिसली, ती कारखानदाराच्या नात्यातली. वस्तीनं भोंग्याचा शब्द पाळला होता. एरवी पाणी जपून वापरा म्हटलं तर बादल्या भरभरून ओतणारी ही माणसं, पण नेमका आजच यांना शब्द पाळायचा होता.

गाडी असती तर त्यानं अर्ध्या तासात वस्ती हलवली असती. पण मतदानाच्या दिवशी भोंगे वाजवायला बंदी, आणि दोन्ही कर्णे पोलीस ठाण्यात जमा. मग तो पायी निघाला आणि दारं ठोठावू लागला.

पहिलं दार पाववाल्याचं. त्यानं अर्धवट दार उघडून सगळं ऐकून घेतलं आणि डोळे बारीक केले.

“कोणी पाठवलं तुम्हाला, भाऊ?”

“कोणी नाही. मी स्वतः आलोय.”

“परवा स्वतः बोललात, आज पुन्हा स्वतः बोलताय. यातलं फुकटचं कुठलं आणि भाड्याचं कुठलं?”

भोंग्यानं बायकोचं सांगितलं. पाववाला ओशाळला, पायाच्या अंगठ्यानं उंबरा खरवडत राहिला, ‘बघतो’ म्हणाला आणि दार लावून घेतलं. पुढच्या घरी तेच झालं, त्याच्या पुढच्याही घरी तेच. आधी संशय, मग कीव, मग बघतो. बायकोचं आजारपण असं दारोदार उघडं करून दाखवताना त्याला स्वतःचीच किळस आली, पण तो थांबला नाही.

निवृत्त शिक्षिकाबाईंनी त्याला आत बसवलं, पाणी दिलं. वस्तीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी बाराखडी शिकवली होती, त्यामुळे त्यांच्याकडून त्याला आशा होती.

“तुमचं परवाचं बोलणं मला पटलं होतं,” बाई म्हणाल्या. “नुसतं आवडलं नव्हतं, पटलं होतं. आता तुमची अडचण कळली, फार वाईट वाटलं. पण अडचण तुमची आहे म्हणून माझं पटणं कसं बदलेल?”

“बाई, ती मरेल हो.”

“मग सांगा, कोणाला देऊ मत? फरशी धुणाऱ्याला, प्रेत अडवणाऱ्याला, की त्या तिसऱ्याला? तुम्ही नाव घ्या. तुम्ही नाव घेतलंत तर मी जाते.”

भोंग्यानं तोंड उघडलं. पंधरवडाभर ही तीन नावं त्यानं गल्लोगल्ली ओरडली होती, पण आता बाईंच्या समोर त्यातलं एकही बाहेर पडेना. मग त्यांनी त्याच्या हातातला पेला काढून घेतला.

लंबू त्याला घराच्या पायरीवर बसलेला सापडला. लंबू ओतशाळेत साच्यात लोखंड ओतायचा, ताडमाड उंच म्हणून लंबू. कामाच्या वेळेला तो घरी होता आणि शेजारी न उघडलेला जेवणाचा डबा होता. भोंग्याला पाहताच तो उठून उभा राहिला आणि हसला.

“या भाऊ. मला काढलं.”

“म्हणजे?”

“सकाळी कारखान्याची बस आली, सगळ्यांना मतदानाला न्यायला. मुकादम म्हणाला, चढ. मी म्हटलं, नाही चढत, आमचं ठरलंय. बाकीचे चढले, मान खाली घालून. त्यानं माझं कार्ड काढून घेतलं.” तो पुन्हा हसला. “आईला अजून सांगितलं नाही. पण खरं सांगू, इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. तुमच्या शब्दावर खाली राहिलो, भाऊ.”

भोंगा पायरीवर खाली बसला. त्याला वाटलं, उठावं आणि काही न बोलता निघून जावं. या एका पोराला तरी परवाचं सगळं खरं होतं असं वाटू द्यावं. पण एक एक मत मोजून घ्यायची वेळ होती. त्यानं खाली पाहत सिस्टरनं सांगितलेलं सगळं सांगितलं.

लंबूनं डब्याची कडी एकदा उघडली, पुन्हा लावली.

“वहिनींसाठी?”

“हो रे.”

“मग हे परवा का नाही सांगितलंत?”

“मला माहीत नव्हतं.”

“चौकात भोंगा लावून सांगायच्या आधी माहीत करून घ्यायचं असतं ना, भाऊ,” लंबू म्हणाला. रागानं नाही, अगदी सरळ म्हणाला, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. “मी कारखानदाराला देणार नाही.”

“नको देऊस. कोणालाही दे, नाहीतर कोरी चिठ्ठी टाक. फक्त जाऊन ये.”

“बघतो,” लंबू म्हणाला आणि डबा उचलून आत गेला.

परतताना कारखानदाराच्या माणसाची जीप त्याच्याशेजारी येऊन थांबली. कारखानदाराच्या प्रचाराचं सगळं हाच बघायचा. परवाच्या भाषणानंतर हा आपल्याला धरून बडवणार असं भोंग्याला वाटलं होतं, पण गडी भलताच खुशीत होता.

“भाऊ, कशाला उन्हात घसा सुकवताय? होतील निम्मे. साहेबांना काळजी आहे वस्तीची.”

“कसे होतील?”

“होतील हो. वहिनींना घरी घेऊन जा.” आणि जीप शाळेच्या दिशेनं निघून गेली.

बायकोला त्यानं घरी आणलं तेव्हा ती नेहमीसारखी पांढरीफटक पडली होती. तिला जिना चढवता चढवता त्यानं सगळं सांगून टाकलं, कारण तिच्यापासून काही लपवायचं म्हणजे त्याला दम लागायचा.

“म्हणजे माझ्या नावानं भीक मागत फिरलात,” ती म्हणाली.

“हो.”

“मिळाली का?”

“बघतो म्हणाले सगळे.”

ती अंथरुणावर आडवी झाली. “मी येते तुमच्याबरोबर. माझं मत तरी मी देते.” पण उठायला म्हणून तिनं कोपर टेकवलं आणि ते तसंच घसरलं. तो तिच्या उशाशी बसून राहिला. हिच्याशिवाय या खोलीत आपण काय करणार, हा विचार त्यानं आजवर कधी पुरता केला नव्हता. तो आता त्याच्या छातीवर येऊन बसला आणि काही केल्या उठेना.

मतदान संपायला आलं तेव्हा तो एकटाच शाळेकडे निघाला. आपल्या एका मतानं काही होणार नाही हे त्याला कळत होतं, पण दिवसभर ज्यांना जा जा म्हणून सांगितलं त्यांच्यासाठी तरी जायला हवं होतं. फाटकाजवळ फळा लावला होता, त्यावर किती मतदान झालं ते खडूनं लिहीत. भोंग्यानं आकडा वाचला. डोळे चोळून पुन्हा वाचला. निम्म्याच्या वर होता.

तो फाटकाला धरून उभा राहिला. म्हणजे आले लोक. पाववाला आला, बाई आल्या, बघतो म्हणणारे सगळे आपापल्या वेळेनं येऊन गेले. दुपारभर त्यानं ज्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, त्या एकेकाची त्यानं मनातच माफी मागितली. डोळ्यांना धार लागली आणि त्यानं ती पुसलीही नाही.

“भाऊ.”

लंबू मागे उभा होता. धुतलेला सदरा, भांग पाडलेला. “तुम्ही म्हणालात म्हणून नाही आलो,” तो म्हणाला. “वहिनींसाठी आलोय. चला.”

दोघं आत गेले. वर्गात लांब टेबलामागे कर्मचारी बसले होते आणि एका बाजूला मतदानावर नजर ठेवायला परगावाहून आलेला निरीक्षक होता, करड्या केसांचा, ताठ कण्याचा. भोंग्यानं आपलं नाव आणि घर सांगितलं. कर्मचाऱ्यानं यादीवरून बोट फिरवलं आणि ते थांबलं.

“तुमचं मत झालंय. ही बघा सही. तुमच्या मिसेसचंही झालंय.”

भोंग्यानं पाहिलं. त्याच्या नावासमोर कुणाची तरी गोल, वळणदार सही होती. खाली बायकोच्या नावासमोर तेच वळण. आणखी खाली तेच. पानभर तेच वळण, एकाच पेनाचं. पाववाला आला नव्हता. बाई आल्या नव्हत्या. कारखान्याच्या बसनं आणलेले सोडले तर कोणी म्हणजे कोणीच आलं नव्हतं. वस्ती आपापल्या घरात दार लावून बसली होती आणि इकडे एका हातानं बसून सगळ्यांची मतं देऊन टाकली होती.

निरीक्षकाच्या ते लक्षात आलं असावं. तो उठून टेबलापाशी आला.

“काय झालं? ही सही तुमची नाही का?” त्यानं विचारलं. “नसेल तर आत्ता सांगा, घाबरू नका. दुपारी मी दुसऱ्या केंद्रावर जाऊन येईपर्यंत इथला आकडा फुगला, मला वास येतोय, पण तोंड उघडायला कोणी तयार नाही. एक तक्रार पुरे आहे. मी हे सगळं मतदान इथल्या इथे रद्द करतो.”

असा माणूस भोंगा आयुष्यभर शोधत होता. एवढी वर्षं वस्तीला न्याय हवा, न्याय हवा म्हणून तो ओरडला, आणि तो न्याय आज समोर उभा राहून त्याच्या तोंडाकडे बघत होता. नाही, एवढं एक म्हटलं की झालं. मग निवडणूक बाद, सदस्य नाही, आणि महिनाअखेरीस यंत्रं ट्रकमध्ये.

“माझीच आहे,” तो पुटपुटला.

“जरा मोठ्यानं सांगा, यांना लिहून घ्यायचंय. तुम्ही दोघं स्वतः येऊन मत देऊन गेलात?”

“हो,” भोंगा म्हणाला, आणि जन्माची सवय म्हणून आवाज वर्गभर घुमला. “सही माझीच आहे. आम्ही सकाळीच मत दिलं. माझ्या लक्षात राहिलं नाही.”

निरीक्षकानं त्याच्याकडे असं पाहिलं की ते पाहणं त्याला जन्मभर पुरलं असतं. पण खरं ऐकणारा त्याच्या मागे होता.

“सकाळी?” लंबूनं विचारलं. “बस यायच्या आधी की नंतर?”

भोंगा वळला नाही. टेबलावरच्या त्या गोल सहीकडे बघत त्यानं उत्तर दिलं. “आधी.”

मागून चपला वाजल्या, दारापर्यंत गेल्या आणि व्हरांड्यात उतरल्या. लंबूनं आपलं नाव टेबलाशी सांगितलंच नाही.

भोंगा बाहेर आला तेव्हा लंबू मैदान ओलांडत होता, ज्याच्या शब्दावर बस सोडली तो आधीच मत देऊन बसला होता असं धरून. भोंग्यानं हाक मारली असती तर ती वस्तीच्या टोकापर्यंत गेली असती. पण खरं सांगितलं तर लंबू तसाच माघारी फिरला असता. त्याच्याही नावासमोर तेच वळण असणार, आणि ते त्यानं निरीक्षकाला ताठ मानेनं सांगितलं असतं, कारण तो तसाच होता. आज नाही, उद्या नाही, बायको जिवंत असेपर्यंत त्याला खरं सांगता येणार नव्हतं. भोंग्यानं हाक मारली नाही.

घरी बायको जागी होती. त्याच्या तोंडाकडे बघून तिनं काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, “दवाखाना राहिला.”

तिनं हात पुढे केला आणि त्यानं तो धरला.

“आले म्हणजे लोक,” ती म्हणाली.

“आले.”

“लंबू आला होता?”

“आला होता.”

“चांगलं पोर आहे,” ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. “त्याला आणि त्याच्या आईला एकदा जेवायला बोलवा.”